एक नंबरची पिशवी

फुटबॉल क्लबच्या खोलीत मत द्यायचं ते बटणानं. ही पद्धत शिवणताईच्या वडिलांनी घालून दिली होती. पूर्वी म्हणे चिठ्ठ्या असत. पण चिठ्ठीवरचं अक्षर ओळखू येतं, आणि एका वर्षी तेवढ्यावरून दोन साडू एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. तेव्हा वडिलांनी आपल्या शिवणाच्या दुकानातून शर्टाच्या पांढऱ्या बटणांचा डबा आणला आणि म्हणाले, "हे घ्या. याला ना अक्षर, ना तोंड." तेव्हापासून हंगाम संपला की खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावायचा, पडद्याआड दोरीवर खेळाडूंच्या नंबरांच्या कापडी पिशव्या टांगायच्या आणि दारात प्रत्येक पाठीराख्याच्या हातावर एक बटण ठेवायचं. हंगामात जो सगळ्यांत चांगला खेळला असं वाटेल त्याच्या पिशवीत ते टाकायचं. "पडद्याच्या आत नातं नसतं," असं वडील सांगायचे. ते गेले आणि दुकान, पिशव्या आणि हे वाक्य, तिन्ही शिवणताईच्या वाट्याला आली.

मोजणी मात्र उघड. औषधाच्या दुकानाचे मालक क्लबचे सेक्रेटरी होते. ते एकेक पिशवी टेबलावर उपडी करायचे, एकेक बटण बोटानं बाजूला सारायचे आणि अख्खी खोली एका सुरात मोजायची. एखाद्याच्या पिशवीत काहीच नसेल तर ती उलटी करून, शिवण बाहेर काढून, सगळ्यांसमोर झटकायची. कुणाला शंका राहायला नको म्हणून. हीसुद्धा वडिलांचीच पद्धत. ज्याची पिशवी झटकली त्याला काय वाटेल, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नसावा. सरळ माणसांच्या डोक्यात तो बरेचदा येत नाही.

गेल्या वर्षी चार नंबरची पिशवी अशी झटकली होती. चार नंबर म्हणजे लंबू, बचावातला उंच, थोडा बावळट खेळाडू. सेक्रेटरींनी पिशवी झटकली, तिच्यातून नुसता धागा पडला आणि खोलीत असा हशा पिकला की काही विचारू नका. लंबूही हसला. पुढच्या आठवड्यापासून तो सरावाला आला नाही आणि महिन्याभरात गाव सोडून गेला. त्या संध्याकाळी शिवणताईचा भाऊ जेवता जेवता म्हणाला होता, "ताई, मी हसायला नको होतं गं." एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला.

हा भाऊ क्लबचा गोलकीपर. नंबर एक. दिवसभर मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी मैदानावर. सगळे त्याला 'भिंत' म्हणायचे, आणि बरीच वर्षं ते कौतुकानं म्हणायचे. आई लवकर गेली, तेव्हा तो शाळेत होता. त्याला शिवणताईनंच वाढवलं, त्याचे पहिले हातमोजे तिनंच जुन्या रेक्झिनचे शिवून दिले. तिनं लग्न केलं नाही, त्याचं झालं ते टिकलं नाही. घरात दोघंच.

आता त्याचं वय झालं होतं. गुडघे कुरकुरत होते. हा शेवटचा हंगाम असं त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. आणि याच हंगामात, उपांत्य सामन्यात, शेवटच्या पाच मिनिटांत, बरोबरी असताना, आपल्याच खेळाडूनं हळूच मागे सरकवलेला चेंडू त्याच्या हाताखालून जाळ्यात गेला. कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही, डोळ्यांवर ऊन नव्हतं. सोपा चेंडू होता. तोंडात बोट घालणारं पोरही त्यावर नुसतं बसलं असतं तरी तो अडला असता.

सामना गेला. चषक गेला. पाठीराखे काही फार बोलले नाहीत, आणि तेच वाईट झालं. नाहीतर या लोकांना स्वतःला चेंडू दोन हात मारता येत नाही, पण बोलायला लागले की खेळाडूची सात पिढ्यांची चूक काढतील. भिंतीसमोर मात्र सगळे हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. त्यानं कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणणं सोडलं. कामावर मागच्या गल्लीनं जायला लागला. क्लबची टोपी खुंटीला लटकली ती लटकलीच.

शिवणताईला या सगळ्यात एकच भीती होती. तिनं ती कुणाला सांगितली नाही, पण मशीनवर बसली की डोळ्यांसमोर तेच यायचं: एक नंबरची पिशवी, उलटी, शिवण बाहेर, सेक्रेटरींच्या हातात. पिशवी तिनंच शिवलेली. कोण टाकणार होतं तिच्यात बटण? यंदा सगळ्या गावाच्या तोंडी एकच नाव होतं, भिंगरीचं. अकरा नंबर, डाव्या पायाचा, विशीतला. चेंडू घेऊन असा फिरायचा की पुढचा माणूस आपल्याच पायात पाय अडकून पडावा. धुलाईखान्यात काम करणाऱ्या बाईचा एकुलता एक मुलगा. त्याचं कौतुक शिवणताईलाही होतं. पण कौतुक वेगळं आणि भाऊ वेगळा.

शेवटी एके दिवशी पाव घ्यायला ती बेकरीत गेली, बाकीचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच बिस्किटांची बरणी न्याहाळत उभी राहिली, आणि म्हणाली, "काका, एक मागणं आहे. नाही म्हणू नका."

"बोल की."

"मोजणीला तुमचं बटण माझ्या भावाला द्या. एकच. भिंगरीला काय, सगळे देणारच आहेत. याची पिशवी तेवढी झटकायला नको."

बेकरीवाल्या काकांनी हातावरचं पीठ पुसलं. "दिलं म्हणून समज."

"आणि हे कुणाला सांगू नका. त्याला कळलं तर माझं तोंड बघणार नाही."

"मी कशाला सांगतोय? माझ्या बायकोलाही नाही."

तिचा जीव भांड्यात पडला, पण रात्रीपुरताच. सकाळी वाटलं, काका भिंगरीचे केवढे भक्त! ऐनवेळी पडद्याआड हात वळला तर? माणसाचा काय भरवसा? म्हणून तिनं दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगितलं. मग वाटलं, नर्सबाईंची त्या दिवशी ड्युटी असली तर? म्हणून बसच्या कंडक्टरला सांगितलं. कंडक्टर विसरभोळा, म्हणून त्याच्या मेहुण्याला. प्रत्येकाकडून शपथ घ्यायची, प्रत्येकाला "तुमचं एकच, बाकी कुणाला सांगितलं नाही" म्हणायचं, आणि घरी येऊन याच्यावर विश्वास टाकण्यात अर्थ नाही असं ठरवायचं. कुणाच्या बाह्या आखूड करताना, कुणाच्या पँटची चेन बदलताना, मोजणीच्या दिवसापर्यंत तिनं सव्वीस जणांना गाठलं. आयुष्यात ती एवढं खोटं कधी बोलली नव्हती. सव्वीस जणांनी शब्द दिला आणि त्यातले तीन-चार पाळतील अशी तिची अटकळ होती.

मोजणी रविवारी दुपारी. खोली मैदानाच्या पायऱ्यांखालची, बुटक्या छताची. शिवणताई नेहमीप्रमाणे दारात डबा घेऊन बसली आणि येईल त्याच्या हातावर बटण ठेवत गेली. शपथ घेतलेले लोक तिच्याकडे बघायचं टाळत होते, आणि तीही जो तो पडदा सरकवून आत जाताना दुसरीकडे बघत होती. यंदा गर्दी नेहमीपेक्षा जास्त झाली. भिंगरीची आई धुलाईखान्यातून तशीच आली होती, निळा डगला अंगावर, हात पाण्यानं पांढरे पडलेले. तिनं बटण घेतलं, शिवणताईचा हात क्षणभर धरला आणि आत गेली.

सगळ्यांत शेवटी शिवणताईचं मत. तिनं डब्यात हात घातला तर डबा रिकामा. आत सेक्रेटरी घाई करत होते. तिनं खिशातली छोटी कात्री काढली, स्वतःच्या कोटाचं वरून दुसरं बटण कापलं आणि पडद्याआड गेली.

आत अंधार होता आणि कापडाचा वास. एक नंबरची पिशवी दोरीच्या या टोकाला, अकरा नंबरची त्या. ती एक नंबरच्या पिशवीपाशी उभी राहिली. हात लावून बघितलं असतं तर आत किती आहेत ते कळलं असतं, पण तसं करायचं नसतं. तिला तो चेंडू आठवला. तो हाताखालून गेला तेव्हा अख्ख्या मैदानात पहिली ओरडली होती ती हीच. "अरे काय केलंस हे!" भावानं मान वर करून पायऱ्यांकडे बघितलं होतं. आवाज कुणाचा ते त्याला कळलं होतं का, हे तिनं कधी विचारलं नाही.

मग तिला वाटलं, सव्वीस जणांकडे भीक मागितली ती पुरे झाली. निदान माझं तरी खरं असू दे. पडद्याच्या आत नातं नसतं. ती त्या टोकाला गेली आणि कोटाचं बटण अकरा नंबरच्या पिशवीत टाकलं.

मोजणी एक नंबरपासून सुरू होते. भाऊ दाराला टेकून उभा होता, हाताची घडी घालून, काय व्हायचं ते लवकर होऊन जाऊ दे अशा चेहऱ्यानं. शिवणताई मागच्या बाकावर बसली. सेक्रेटरींनी पिशवी उचलली, आणि उचलतानाच त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी ती उपडी केली. पांढऱ्या बटणांचा ढीग टेबलावर पसरला, दोन-चार घरंगळून खाली गेली.

"एक," सेक्रेटरी म्हणाले.

"दोन! तीन! चार!" खोली म्हणाली, नेहमीच्या उत्साहानं. सातापर्यंत सगळे जोरात होते. दहाला काहींनी एकमेकांकडे बघितलं. पंधराला बेकरीवाल्या काकांचा आवाज बंद झाला. ते शेजारच्या कंडक्टरकडे बघत होते आणि कंडक्टर स्वतःच्या बुटांकडे. नर्सबाईंनी तोंडाला रुमाल लावला. प्रत्येकाला वाटलं होतं आपलं एकच, दयेचं, कुणाला न कळणारं. आता दर बटणागणिक कुणीतरी आणखी एक जण गप्प होत होता. विसानंतर मोजणारे मोजकेच उरले, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज भिंगरीचा. तो पुढच्या बाकावर होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तो टाळ्या वाजवत, आनंदानं मोजत होता, "बावीस! तेवीस! अरे भिंतदादा, बघ की! चोवीस!"

पंचवीस. सव्वीस. शिवणताईनं डोळे मिटले. सगळ्यांनी शब्द पाळला होता. एकही जण फिरला नव्हता. या माणसांना ती काय समजत होती!

"सत्तावीस," सेक्रेटरी म्हणाले.

तिनं डोळे उघडले.

अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. ढीग संपत नव्हता. पस्तीसनंतर फक्त सेक्रेटरी आणि भिंगरी दोघंच मोजत होते, आणि चाळीसला भिंगरीचाही आवाज खाली आला. आनंद कमी झाला म्हणून नव्हे. आजूबाजूची माणसं खाली बघताहेत हे त्याच्या लक्षात यायला लागलं होतं. खाली पडलेली बटणं उचलून घेतली. सत्तेचाळीस झाली.

मधल्या पिशव्या कशा मोजल्या गेल्या ते कुणाला आठवत नाही. कुणाची दोन, कुणाची पाच. रिकामी कुणाचीच नव्हती. मग अकरा नंबरची. ती भरलेली होती आणि खोली पुन्हा मोजायला लागली, जणू जोरात मोजलं तर बटणं वाढणार होती. अडतीसला सेक्रेटरींचं बोट थांबलं.

"हे एक तपकिरी आलंय. मोठं आहे. कोटाचं दिसतं."

"मोजा हो," कुणीतरी म्हणालं. "बटण ते बटण."

शिवणताईचा हात आपसूक कोटावर गेला, उघड्या पडलेल्या जागेवर. भावानं तिच्याकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं, मग टेबलाकडे. आणि हाताची घडी सोडली.

एक्केचाळीसला पिशवी संपली.

क्लबचं बक्षीस म्हणजे हंगामातल्या शेवटच्या सामन्याचा चेंडू. तो हातात देत नाहीत. सेक्रेटरी टेबलापाशी उभे राहून फेकतात आणि जिंकलेल्यानं जिथं असेल तिथून झेलायचा. एरवी तेव्हा केवढा गलका असतो. त्या दिवशी सेक्रेटरींनी चेंडू उचलला, भिंतीकडे बघितलं, आणि आपण काय करतोय ते लक्षात येऊन त्यांचे हात थांबले. खोलीतला एकही माणूस हलला नाही. प्रत्येकाला तो हाताखालून गेलेला चेंडू दिसत होता.

"टाका," भाऊ म्हणाला.

सेक्रेटरींनी फेकला, अगदी हळू, लहान मुलाला टाकतात तसा. भावानं तो झेलला. दोन्ही हातांनी पोटाशी धरला, त्यावर वाकला, आणि तसाच वाकून राहिला. पडेल, निसटेल, कुणी काढून घेईल अशा भीतीनं. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा शिवणताईला कळलं की तो रडतोय. उपांत्य सामन्यानंतर तो रडला नव्हता. टाळी पहिली भिंगरीनं वाजवली.

लोक भराभर बाहेर पडले. शिवणताई पिशव्या गोळा करायला मागे राहिली. बाहेरून भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता, धप्प, धप्प. खिडकीतून दिसलं: भिंगरी एकटाच, सरावाचा चेंडू मागच्या भिंतीवर मारत होता, डाव्या पायानं, जोरजोरात. आत हसणारं पोर ते बाहेर हसत नव्हतं. ही आपली करणी, असं तिच्या मनात आलं, आणि ते खरंच होतं.

भिंगरीची आई दारात उभी होती. शिवणताईला वाटलं, आता हिला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

"माझं चुकलं हो," ती म्हणाली. "मी लोकांना सांगत फिरले. दारोदार. तुमच्या पोराचं होतं ते."

आई म्हणाली, "मला कुठं सांगितलंत तुम्ही?"

"नाही. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार?"

"मी माझं तुमच्या भावालाच दिलं." तिनं डगल्याला हात पुसले, कोरडेच होते तरी. "म्हटलं, माझ्याला काय, मिळणारच आहे. त्या दिवशी सामना संपल्यावर तुमचा भाऊ जाळ्यात एकटा बसला होता. सगळे निघून गेले. माझं पोर तरी कुठं थांबलं? मला ते बरं वाटलं नव्हतं." ती मागे वळून खिडकीकडे बघत राहिली. "रागावलंय आता. रागावू दे. हक्क आहे त्याचा."

शिवणताईनं मनात हिशेब केला. सत्तेचाळीसातून सव्वीस गेले की एकवीस उरतात. त्यातली एक ही. बाकीचे वीस कोण, हे तिला कधीच कळणार नव्हतं. रस्त्यात भेटेल तो प्रत्येक जण आता त्यांतलाच एक, असं धरून चालावं लागणार होतं.

ती दुकानात परतली तेव्हा भाऊ आधीच येऊन बसला होता, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, चेंडू मांडीवर. तिनं पिशव्या मशीनवर ठेवल्या. तो उठला आणि तिच्यासमोर मूठ उघडली. तपकिरी बटण.

"सेक्रेटरींकडून मागून घेतलं," तो म्हणाला. "अकरा नंबरच्या ढिगातून."

"हो."

"बाकीच्यांना तूच सांगितलंस ना?"

"सव्वीस जणांना. बाकीच्यांचं मला माहीत नाही, तुझी शपथ."

"आणि स्वतःचं मात्र भिंगरीला."

"तो चांगला खेळला." तिनं मशीनवरच्या पिशव्या सारख्या केल्या. "तू नाही खेळलास. पण तुझी पिशवी झटकलेली मला बघवली नसती रे."

त्यानं मान हलवली. त्या मान हलवण्यात राग नव्हता. "त्या दिवशी तूच ओरडलीस," तो म्हणाला. "मला ऐकू आलं. नंतर इतके दिवस कुणी एक शब्द बोललं नाही. मला वाटायचं, निदान ताईनं तरी पुन्हा ओरडावं." तो चेंडू घेऊन पुन्हा स्टुलावर बसला. "बरं केलंस भिंगरीला दिलंस ते."

ती सुई शोधायला लागली. डोळे भरून आले होते, दोरा ओवता येईना. त्यानंच ओवून दिला, लहानपणी द्यायचा तसा.

"ताई, लंबू कुठल्या गावी गेला, माहितीये तुला?"

"त्याच्या मावशीकडे. का?"

"उद्या रजा टाकतो. जाऊन येतो." चेंडू त्यानं मांडीवर फिरवला. "मी हसलो होतो गं त्याला. सगळ्यांबरोबर."

शिवणताईनं कोट काढून मांडीवर घेतला, बटण त्या जागेवर धरून बघितलं. मग कोट बाजूला ठेवला. पिशव्यांमधून तिनं चार नंबरची ओढून काढली, ती उलटी केली, शिवण बाहेर काढली, आणि तळाच्या कोपऱ्यात ते तपकिरी बटण घट्ट टाके घालून शिवायला घेतलं. आता ती कुणी झटकली तरी रिकामी निघणार नव्हती. वडील असते तर रागावले असते. भाऊ तिच्या हाताकडे बघत राहिला आणि त्यानं पुढची पिशवी उलटी करून तिच्यासमोर ठेवली.